पाच दिवसांची पट्टी

सिझेरियन झालेल्या बाईच्या पोटावर पट्टी कशी लावायची, हे मी नव्या मुलींना वर्षानुवर्षं शिकवलं. कड सरळ हवी, चिकटपट्टीने कातडी ओढली जाता कामा नये, आणि एकदा लावली की पाच दिवस तिला हात लावायचा नाही. भोईर सिस्टरची पट्टी लांबून ओळखू येते, असं ऑपरेशन थिएटरमधले लोक म्हणायचे. मला ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोलू. निवृत्तीला एक-दोन वर्षं उरलेली असताना कळलं, की यातले पहिले दोन नियम बरोबर होते आणि तिसरा नव्हता.

अनुभव लिहा म्हणणाऱ्यांना बहुधा वाचवलेल्या जिवांच्या गोष्टी हव्या असतात. त्याही माझ्याकडे आहेत. पण मला ही लिहायची आहे, कारण हिच्यात चूक माझी आहे आणि मोठेपणा दुसऱ्यांचा.

आमचं रुग्णालय उल्हासनगरातलं, सरकारी. नाव लिहीत नाही. कॅम्प चार या वस्तीतल्या गाळेवाल्यांच्या सुना आमच्याकडे येत, विठ्ठलवाडीच्या चाळींतल्या येत, आणि बदलापूरच्या पलीकडून, बारवी धरणाच्या अंगाच्या वाड्यांवरून, टेम्पोत गोधडी टाकून आणलेल्याही येत. बाळंतपणाच्या वॉर्डात सगळ्यांच्या खाटा एका रांगेत. पाच दिवस पट्टी, म्हणजे पाच दिवस आंघोळ नाही. ओल्या फडक्याने हातपाय पुसायचे, एवढंच. मे महिन्यात आमच्या वॉर्डात पंखे नुसता गरम वारा फिरवतात. तशाच एका मेमध्ये डॉ. तांबे राउंडला आल्या.

डॉ. तांबे मॅडम स्त्रीरोग विभागाच्या. साताऱ्याकडच्या, चाळिशीच्या, आवाज इतका बारीक की पहिल्या महिन्यात मला त्यांच्या ऑर्डरी दोनदा विचाराव्या लागायच्या. त्यांनी एका बाईच्या चिकटपट्टीची कड उचलून पाहिली. खाली घामोळं, दोन ठिकाणी कातडी सोललेली.

"सिस्टर, ही पाच दिवस का ठेवतो आपण?"

"पहिल्यापासून ठेवतो, मॅडम."

"हो, पण कोणी ठरवलं?"

मला राग आला. माझ्या मेट्रनने मला सांगितलं होतं, तिला तिच्या मेट्रनने. "जखम पिकू नये म्हणून," मी म्हणाले.

"पुस्तकांत दोन्ही लिहिलंय. दुसऱ्या दिवशी काढली तरी चालते, असंही लिहिलंय. पण ते एसी वॉर्डात बघितलेलं. आपल्या वॉर्डात काय होतं, मला माहीत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हालाही माहीत नाही, सिस्टर. तुम्हाला सवय आहे."

हे वाक्य मला आठवडाभर टोचलं.

असा आमचा अभ्यास सुरू झाला. संशोधन म्हटलं की लोकांना पांढरे उंदीर आणि काचेच्या नळ्या आठवतात. आमच्याकडे एक कपाट होतं, एक वजनकाटा, फोटो काढायला एक टॅब, आणि तपकिरी लिफाफे. निम्म्या बायकांची पट्टी ऑपरेशननंतर चोवीस तासांनी काढायची, निम्म्यांची पाचव्या दिवशी, आणि तीस दिवसांनी कोणाची जखम कशी आहे ते बघायचं. कोणाला काय, हे आपण निवडायचं नाही. आपण निवडलं की नकळत धडधाकट बाईला एक देतो आणि अशक्त बाईला दुसरं, आणि शेवटी पट्टीचा गुण कळतच नाही, बाईचाच कळतो. म्हणून लिफाफे. आत चिठ्ठी, वर क्रमांक. क्रम लावणारा माणूस मुंबईत बसलेला, त्याने आमच्या बायका कधी पाहिलेल्याही नव्हत्या. तिसाव्या दिवशी जखम तपासणारा डॉक्टर सर्जरीचा, त्यालाही कोणती चिठ्ठी निघाली होती ते सांगायचं नाही.

परवानगी देणाऱ्या समितीने आमचा संमतीचा कागद तीनदा परत पाठवला. पहिला मसुदा मी वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवला होता. त्यात 'यादृच्छिक विभागणी' असा शब्द होता. मावशी म्हणाल्या, "बाई, यातलं मला फक्त सही कळलं." शेवटी मॅडमनी सगळं खोडून लिहिलं: दोन पद्धती आहेत. कोणती चांगली ते आम्हाला माहीत नाही. तुमच्यासाठी कोणती, ते चिठ्ठीवर ठरेल. नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही.

पांढऱ्या कपड्यांत उभं राहून पेशंटला "आम्हाला माहीत नाही" असं सांगायचं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा केलं. जीभ अडखळायची. आश्चर्य म्हणजे बायका घाबरल्या नाहीत. उलट नीट ऐकायला लागल्या.

मॅडमचा आणखी एक नियम होता. कळा येत असलेल्या बाईला विचारायचं नाही. "कळा देणारी बाई कशालाही हो म्हणते," त्या म्हणायच्या. ऑपरेशन झालं, दुखणं थोडं उतरलं, बाई चहा प्यायली, की मग शेजारी स्टूल घेऊन बसायचं. उभ्याने विचारायचं नाही.

चारेक महिने सगळं सुरळीत चाललं. मग एके दिवशी सकाळी ऑपरेशन होऊन शेजारशेजारच्या खाटांवर सोनी आणि काजल आल्या.

सोनी वाघे बारवीकडच्या एका वाडीतली, कातकरी. दुसरं बाळंतपण, वय विशीच्या पुढे-मागे. हातापायांच्या काड्या, खालच्या पापण्या आतून पांढुरक्या. मी स्टूल घेऊन बसले, कागद वाचून दाखवला. तिने सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला.

"बाय, मी नाय म्हनलं तर आज घरी धाडशील का?"

"नाही गं. काहीही म्हण, राहायचं तेवढे दिवस राहशीलच."

"मंग लाव माझा अंगठा."

तो प्रश्न मी मॅडमना सांगितला. दुसऱ्या दिवसापासून 'घरी पाठवणार नाही' हे वाक्य आम्ही आधीच, न विचारता सांगायला लागलो.

काजल कॅम्प चारची, सिंधी घरातली. बीकॉम झालेली, फारसं न बोलणारी. बोलायला तिची सासू होती, मोहिनी आंटी. त्यांचं पर्स शिवायचं वर्कशॉप होतं आणि आठ माणसांवर ओरडून त्यांचा आवाज तसाच राहिला होता.

"लॉटरी? मेरी बहू पे लॉटरी निकालोगे?"

मॅडमनी शांतपणे दोन्ही पद्धती समजावल्या.

"ठीक है, ठीक है. दोनों में जो महँगावाला है, वो लगा दो."

"आंटी, दोन्ही फुकट आहेत."

"फुकट?" त्यांचा चेहराच पडला. "फिर तो सोचना पड़ेगा."

काजलने सही केली तेव्हा त्या बाहेर चहा आणायला गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींचे लिफाफे मी एकदमच उघडले. खरं तर एक बाई, एक लिफाफा, असं करायचं होतं. सोनीच्या चिठ्ठीत होतं: आज काढा. काजलच्या चिठ्ठीत: पाचव्या दिवशी काढा.

मी सोनीकडे पाहिलं. तिच्या अंगात रक्त नाही. घरी कुडाची झोपडी, शेणाची जमीन, बाजूला शेळ्या. जखम उघडी टाकून हिला तिकडे पाठवायची? आणि काजलकडे फरशीचं घर, गिझर, डोक्यावर मोहिनी आंटी. पट्टी काजलपेक्षा सोनीला जास्त गरजेची आहे, असं माझ्या मनाने घेतलं. मी चिठ्ठ्या बदलल्या. अर्ध्या मिनिटाचं काम. काजलची पट्टी काढली, सोनीची ठेवली, आणि चिठ्ठ्या तशाच निघाल्या होत्या असं वहीत लिहिलं. त्या क्षणी मला आपण पुण्याचं काम करतोय असंच वाटत होतं.

मोहिनी आंटींनी दुपारी सुनेचं उघडं पोट बघितलं आणि वॉर्ड डोक्यावर घेतला. "कुछ भी नहीं लगाया? बाजूवाली को लगाया और मेरी को खुला छोड़ दिया?" मी त्यांना चिठ्ठीचं कारण सांगितलं. चिठ्ठी काढणारी मीच, बदलणारी मीच, आणि सांगणारीही मीच.

सोनीच्या पट्टीची कड त्यानंतर रोज सकाळी सुटलेली असायची. झोपेत वळवळते, असं समजून मी वरून नवी चिकटपट्टी लावत होते. चौथ्या दिवशी तिचा नवरा वीटभट्टीवरून टेम्पो घेऊन आला आणि कितीही सांगितलं तरी तिला घेऊन गेला. टाके आतल्या आत विरघळणारे होते, तेवढीच काळजी कमी.

आणि त्याच दुपारी काजलला ताप भरला.

मी थर्मामीटर वाचला आणि परत एकदा लावून पाहिला. जखम पिकली असेल तर ती माझ्यामुळे पिकली. तिच्या नशिबात पाच दिवसांची पट्टी होती, मी ती काढून घेतली होती. त्या दिवशी जेवले नाही. अंबरनाथला शिवमंदिराजवळ आमचं घर. ड्यूटी संपल्यावर तिकडे जायच्या ऐवजी मी उलट्या दिशेने, मॅडमच्या खोलीकडे गेले. दार लोटून उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

त्या ओरडल्या असत्या तर सोपं झालं असतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"किती वेळा केलंत?"

"एकदाच."

"नक्की, सिस्टर? आता सांगितलंत तर चालेल. नंतर नाही चालणार."

"माझ्या लेकीची शपथ, एकदाच."

त्या उठल्या, आधी वॉर्डात गेल्या, काजलला तपासलं. जखम स्वच्छ, कोरडी. ताप छातीत दुधाच्या गाठी झाल्यामुळे आला होता. शेक दिला, बाळाला नीट पाजायला बसवलं, दुसऱ्या दिवशी ताप उतरला. मला वाटलं, सुटले.

पण मॅडमच्या लेखी काहीच सुटलं नव्हतं. त्यांनी समितीला पत्र लिहिलं. अभ्यास काही आठवडे थांबला. आधीचे सगळे लिफाफे, चिठ्ठ्या आणि वही मुंबईच्या त्या माणसाने येऊन ताडून पाहिली. पुढचे लिफाफे रक्तपेढीच्या कपाटात गेले, आणि चिठ्ठी काय आहे ते आम्ही फोन करून विचारायचं, असं ठरलं. लिफाफ्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडून गेली. चहाच्या वेळी सहकाऱ्यांचं माझ्याशी बोलणं तुटक व्हायला लागलं.

"आणि दोघींना सांगायचं," मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही सांगाल?"

"मी बरोबर असेन. सांगाल तुम्ही."

काजलला डिस्चार्ज द्यायच्या दिवशी मी स्टूल घेऊन बसले आणि सांगितलं. मग मोहिनी आंटी बोलल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"मतलब उसके लिए जो अच्छा समझा, वो उसको दिया. तो मेरी बहू को वो दिया, जो तुम खराब समझती थी?"

गरिबाची कणव आली, असं मी स्वतःला सांगत होते. पण दुसऱ्या बाजूला एक जिवंत मुलगी होती आणि तिच्या पोटावर मी माझी भीती ढकलली होती. मी हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांना दाखवायचं नव्हतं, पण दिसलंच.

मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला अभ्यासातून नाव काढायचं असेल तर आत्ता काढते. तक्रार करायची असेल तर कुठे करायची तेही लिहून देते."

"काढा नाव," आंटी म्हणाल्या.

तेव्हा काजल बोलली. "मम्मी, पेट मेरा है." बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मैं रहूँगी. पर जो हुआ है, वैसा का वैसा लिखना."

"लिखेंगे," मॅडम म्हणाल्या.

तिसाव्या दिवशी काजल आली, जखमेची नुसती रेघ उरली होती. मोहिनी आंटी दारातच थांबल्या. मला नमस्कार नाही, काही नाही. पण पुढच्या महिन्यात त्यांच्या वर्कशॉपमधली एक बाई आमच्याकडे बाळंतपणाला आली, ती सांगत आली, "आंटीने पाठवलंय. म्हणाल्या, तिथे चुकलं तर तोंडावर सांगतात."

सोनी मात्र तिसाव्या दिवशी आली नाही. फोन नव्हता. नवऱ्याचा होता, तो बंद. मॅडमनी त्या रविवारी स्वतःची सुट्टी मोडली आणि मला बरोबर घेतलं. बदलापूरहून बारवीच्या रस्त्याला रिक्षा केली, पुढे रिक्षावाला जायला तयार होईना म्हणून तासभर चाललो. मॅडमची चप्पल तुटली, तर ती हातात घेऊन चालल्या. वाटेत एका आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, "सरकारी मानसं आनि पायी?" आणि वाडीपर्यंत पोचवायला आले.

सोनी घरापुढे भात पाखडत होती. बाळ टोपलीत, अंगाने भरलेलं. तिने आम्हाला बघून सूप खाली टाकलं, "अगो बाय माझे!" म्हणत पाणी आणलं. मॅडमनी आत नेऊन जखम बघितली, फोटो काढला. जखम भरून आली होती. मग मी तिच्यासमोर बसले आणि लिफाफ्याची गोष्ट सांगितली. तुझी पट्टी दुसऱ्या दिवशी काढायची होती, मी मुद्दाम ठेवली, माझं चुकलं.

सोनी हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली.

"कसली ठेवलीस बाय? मी ती त्याच दिशी काढली."

"काढली म्हणजे?"

"खाज सुटायची. दिसभर उघडी टाकायची, वरून पदर. तुजा राउन यायचा टायम झाला का परत चिकटवायची. एवढी मन लावून लावायचीस, तुला वाईट वाटंल म्हनून."

मॅडम उंबऱ्यावर बसल्या आणि हसून हसून डोळे पुसायला लागल्या. मी आधी अवाक, मग हसले, आणि मग मला एकदम रडू आलं. या मुलीला वाचवायला म्हणून मी एवढं मोठं पाप केलं होतं, आणि ती तिकडे रोज माझं मन सांभाळत होती.

मॅडमनी तिथेच बसून कागदावर लिहिलं: पेशंटने पट्टी स्वतः काढली होती. नियम असा, की बाई ज्या चिठ्ठीची, त्याच गटात तिला मोजायचं, मग प्रत्यक्षात काहीही झालेलं असो. सोनीच्या चिठ्ठीत 'आज काढा' होतं. म्हणजे माझ्या सगळ्या उपद्व्यापातून तिने एकटीने चिठ्ठी पाळली. निघताना तिने आम्हाला पावटे बांधून दिले.

पुढे दीड-दोन वर्षं अभ्यास चालला. शेकडो बायका झाल्या. बदली होऊन नव्या सिस्टर आल्या, त्यांनी रविवारी वाड्या-वस्त्या पालथ्या घातल्या, वांगणीपर्यंत गेल्या. त्यांना याचा जादा पैसा मिळत नव्हता. मिळायचा तो रिक्षाचा खर्च, तोही उशिरा. मी त्यांना वाट दाखवायला जायचे. कोणी माझी चूक काढून दाखवली नाही.

निकाल आला तेव्हा मॅडमनी आम्हा सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं. जखम पिकण्यात दोन्ही गटांत काही फरक नव्हता. पट्टी लवकर काढलेल्या बायकांना घामोळं आणि सोललेली कातडी कमी, त्या लवकर उठून फिरल्या. इतकंच. जगात काही उलथापालथ झाली नाही. पण मी घरी जाऊन हिशेब घालायचा प्रयत्न केला, की इतक्या वर्षांत किती बायकांना मी उकाड्यात पाच-पाच दिवस विनाकारण बांधून ठेवलं, आणि तो मला पुरा करता आला नाही.

पुण्याला डॉक्टरांची एक परिषद होती. मॅडमनी मलाही नेलं. मी लेकीच्या लग्नातली पैठणी नेसले होते आणि मागच्या रांगेत बसले होते. मॅडमनी पडद्यावर एक पान दाखवलं, त्यावर फक्त एवढंच होतं: एका ठिकाणी दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली, ती परिचारिकेने स्वतः कळवली. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी उठून विचारलं, "एवढ्या मोठ्या अभ्यासात दोन चिठ्ठ्यांनी काय बिघडतं? हे दाखवायची गरज होती का?"

मॅडम त्याच बारीक आवाजात म्हणाल्या, "झालं होतं, सर. म्हणून दाखवलं."

अभ्यासावरच्या लेखाच्या खाली त्यांनी माझंही नाव घातलं होतं. मी नको म्हटलं, वाद घातला. "तुमच्याशिवाय मला हे कळलंच नसतं," त्या म्हणाल्या. पट्टीबद्दल म्हणाल्या की चिठ्ठ्यांच्या अदलाबदलीबद्दल, ते मी विचारलं नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी वॉर्डातला नियम बदलला. जुना कागद भिंतीवरून मी स्वतः काढला. पहिल्याच दिवशी एक बाई होती, विठ्ठलवाडीची, रेल्वेत सफाईचं काम करणारी. ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते. मी तिला म्हणाले, "जा, आंघोळ करून ये. जखमेवर साबण घासू नकोस, नंतर कोरडं टिपून घे."

"आज? खरंच?"

"आज."

मावशींनी बादलीत कोमट पाणी काढून दिलं. मी दाराबाहेर उभी राहिले, काही लागलं तर म्हणून. आतून तांब्याचा आवाज येत होता, थांबत होता, परत येत होता. बाळ तिकडे खाटेवर रडायला लागलं, ते मावशींनी घेतलं. बरीच मिनिटं गेली. बाहेर दोघीजणी टॉवेल घेऊन रांगेत आल्या. मी त्यांना खुणेनेच थांबवलं आणि दार वाजवलं नाही.